रुमाल सोडणार कोण? : नगरचे ऐतिहासिक संग्रहालय आणि मराठी अभ्यासकांचे दायित्व

१

स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या संस्थांविषयी आपल्याकडे एक ठरावीक समजूत आहे. अशा संस्थेत तलवारी, तोफगोळे, जुनी नाणी, एखादा शिलालेख आणि कर्त्या पुरुषांच्या तसबिरी असतात. शाळांच्या सहली येतात. वर्षाकाठी एखादे व्याख्यान होते आणि स्थापनादिनाच्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. मात्र या संस्थांच्या कार्याचा जो गाभा आहे, तो तिच्यात येत नाही. कागद मिळवणे, तो जपणे, तो वाचणे आणि वाचून प्रसिद्ध करणे, हा तो गाभा होय. यांपैकी मिळवणे आणि जपणे या गोष्टी अनेक अडचणी सोसून आजही काही प्रमाणात होतात. वाचणे मात्र फार मंदावले आहे, आणि त्या मंदावण्यात मराठी विषयाचे अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात ते मत एका जिल्ह्याच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अहमदनगर येथे (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) १९६० साली, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र सुरू झाले. शहरात अशा कार्याला अनुकूल भूमी आधीपासून होती. येथील जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. महाराष्ट्रातील जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. सरदार ना. य. मिरीकर यांचे ‘अहमदनगर शहराचा इतिहास’ हे पुस्तक १९१६ साली प्रसिद्ध झाले होते. अशा शहरात वस्तुसंग्रहालय निघावे यात नवल नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, संस्थेच्या नावात ‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दापाशी न थांबता संस्थापकांनी पुढे ‘संशोधन केंद्र’ असेही म्हटले. येणाऱ्याजाणाऱ्याचे लक्ष शस्त्रे, नाणी आणि ती प्रसिद्ध लांबलचक जन्मपत्रिका वेधून घेतात. मोडी आणि फारसी कागद, संस्कृत व मराठी पोथ्या हा संग्रहाचा दुसरा भाग काचेच्या कपाटात मांडून दाखवता येत नाही. तो उलगडून वाचावा लागतो. संस्थेच्या नावातील उत्तरार्ध या दुसऱ्या भागासाठी आहे.

जुन्या दप्तरखान्यांत कागद चौकोनी फडक्यात बांधून ठेवीत. त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात. रुमालाची गाठ सुटली, कागद बाहेर आला, त्यावरील धूळ झटकली गेली आणि कोणीतरी तो अक्षर लावून वाचला, तरच तो इतिहासाचे किंवा वाङ्मयाचे साधन होतो. तोपर्यंत ते केवळ जुने कापड आणि जुना कागद असते. आज प्रश्न असा आहे की, हे रुमाल सोडणार कोण?

२

या प्रश्नाला ‘इतिहासवाले’ असे उत्तर आपण सहज देऊन मोकळे होतो. परंतु मराठीतील संशोधनाची परंपरा पाहिली तर हे उत्तर टिकत नाही. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी १८७८ साली पुण्यात जे मासिक काढले, त्याचे नाव ‘काव्येतिहाससंग्रह’ असे होते. जुनी काव्ये आणि जुन्या बखरी एकाच मासिकातून, एकाच संपादकीय दृष्टीने प्रसिद्ध होत. काव्य कोठे संपते आणि इतिहास कोठे सुरू होतो, याची आजच्यासारखी विभागवार वाटणी त्या संपादकांच्या मनात नव्हती.

वि. का. राजवाडे यांचे कार्य याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. दप्तरांसाठी गावोगाव पायपीट करणाऱ्या या संशोधकानेच १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापली आणि तिच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरण मांडले. जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी १९२२ साली प्रकाशात आणले, तर उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील केळवे-माहीमची परंपरा सांगणारी ‘महिकावतीची बखर’ १९२४ साली. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जन्मातही त्यांचाच पुढाकार होता. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन झाल्यानंतर धुळ्यात त्यांच्या नावे जे संशोधन मंडळ उभे राहिले, ते त्यांच्या संग्रहाचा सांभाळ करण्यासाठी. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची बाडे मठामठांतून जमवली. या मंडळींना कोणी विचारले असते की, तुम्ही इतिहासाचे की वाङ्मयाचे, तर त्यांना प्रश्नच समजला नसता.

नगर जिल्ह्यापुरते बोलायचे तर आणखी दोन उदाहरणे बोलकी आहेत. शहाजीराजांच्या पराक्रमाची भातवडीची लढाई १६२४ साली नगरजवळ झाली. तिचे वर्णन ज्या ‘शिवभारत’ काव्यात येते, त्याचे कर्ते कवींद्र परमानंद हे नेवासकर. हे काव्य १९२७ साली संपादून प्रसिद्ध केले ते स. म. दिवेकर यांनी, म्हणजे एका इतिहास-संशोधकाने. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे ‘योगसंग्राम’चे कर्ते, संतपरंपरेत स्वतःचे स्थान असलेले मुसलमान कवी. त्यांचे काव्य संपादिले वा. सी. बेंद्रे यांनी. ‘साधन-चिकित्सा’ लिहिणारे आणि संभाजीराजांचे चरित्र साधनांवरून नव्याने उभे करणारे ते हेच बेंद्रे. आज आपण एम. ए.च्या वर्गात शेख महंमद शिकवतो, तेव्हा एका इतिहासकाराने सोडलेल्या रुमालातून आपली सामग्री येत असते. त्याची परतफेड मात्र आपण केलेली नाही.

पुढे विद्यापीठांत विषयवार विभाग झाले आणि ही एकच वाट दुभंगली. बखर वाङ्मयात राहिली, कारण ती रसाळ होती. पत्रे, महजर, निवाडे आणि कैफियती इतिहासाकडे गेल्या, कारण त्या ‘साधने’ ठरल्या. इतिहासाच्या विभागांनीही कालांतराने मोडीकडे पाठ फिरवली. परिणामी दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहावा तशी या कागदांची गत झाली.

३

या दुभंगाने मराठीच्या अभ्यासाचे नेमके काय नुकसान झाले, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या पाठ्यक्रमात मराठी गद्याचा इतिहास महानुभावांच्या लीळाचरित्रापासून सुरू होतो, बखरींपाशी थोडा थांबतो आणि तेथून एकदम अव्वल इंग्रजी कालखंडावर येतो. मधल्या काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या चावडीवर, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, सरदारांच्या कचेऱ्यांत रोज मराठी गद्य लिहिले जात होते. वतनाच्या भांडणातील वादी-प्रतिवादी आपापला ‘करिना’ सांगत आणि कारकून तो उतरवून घेई. त्यात पिढ्यांची हकीकत असते, पळापळ असते, दुष्काळ असतो, खून असतो, आणि हे सारे सांगण्याची एक बांधणीही असते. बखरीतील कथन ज्या मातीतून उगवले, ती माती म्हणजे हे करिने आणि कैफियती. ही माती न तपासता बखरीच्या शैलीवर प्रबंध लिहिणे म्हणजे मुळे न पाहता झाडाचे वर्णन करणे होय.

नगर जिल्हा या दृष्टीने विलक्षण संपन्न आहे. नेवाशात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा आणि लिहून घेणारा यांचे हे नाते मराठी वाङ्मयाच्या उगमाशीच आहे, ही गोष्ट लेखनविद्येला गौण मानणाऱ्यांनी विसरू नये. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महीपती (१७१५–१७९०) तर आपल्या विषयाचे मूर्तिमंत उदाहरण ठरावेत. भक्तविजय आणि भक्तलीलामृत लिहिणारे हे संतचरित्रकार गावचे कुलकर्णी होते. परंपरा असे सांगते की, पूजेत असताना सरकारी कामासाठी बोलावणे आले, मन उद्विग्न झाले आणि त्यांनी कानावरची लेखणी पुन्हा चाकरीसाठी न उचलण्याची शपथ घेतली. कथा कितपत खरी हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. तिच्यातून दिसते ते असे की, कुळकर्णाचे दप्तर आणि संतचरित्राची पोथी एकाच हाताने लिहिलेली असू शकते. दप्तरातील हकीकत सांगण्याची सवय महीपतींच्या ओवीत उतरली काय, त्यांच्या चरित्रकथनातील सुटसुटीत, क्रमवार निवेदनाचे नाते त्यांच्या वृत्तीशी जोडता येईल काय, हे प्रश्न वाङ्मयाचे आहेत. त्यांची उत्तरे मात्र त्या काळच्या, त्या परगण्यातील कागदांशी ताडून पाहिल्याशिवाय मिळणार नाहीत.

भक्तविजय शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ मध्ये पूर्ण झाला. त्या वर्षीच्या पावसाळ्यातील एखादा सरकारी कागद घेतला तर त्यावर काळाचा उल्लेख ‘सलास सितैन मया अलफ’ असा आढळेल. हे अरबी संख्यावाचक शब्द होत. तीन, साठ, शंभर आणि हजार मिळून सुहूर सन ११६३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो. मराठी कारकून हे शब्द रोज लिहीत होता आणि घरी ओवीही म्हणत होता. आपल्या भाषेचा हा मिश्र, व्यवहारी संसार पोथीच्या पानावर क्वचितच दिसतो. तो दप्तरात दिसतो.

तिसरे उदाहरण एकोणिसाव्या शतकातील. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे मांडले. सिंथिया फरार यांच्या येथील शाळेचे नाव जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रात येते, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली प्रथम निघाले तेही नगरहून. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या जीवनाचा मोठा भाग या शहराशी जोडला गेला. ‘स्मृतिचित्रे’तील मराठीची वाखाणणी करताना आपण तिला घरगुती, बोलकी म्हणतो. परंतु मिशनऱ्यांचे छापील गद्य नगरला आकार घेत असताना त्याच तालुक्यातील पाटील-कुलकर्णी, सावकार आणि रयत कोणते गद्य लिहीत होते? छापील मराठी आणि दप्तरी मराठी यांची शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय ज्या थोड्या ठिकाणी आहे, त्यांत नगर येते. ती तुलना झाली तर ‘आधुनिक मराठी गद्याचा उदय’ या आपल्या प्रकरणाचे शीर्षकही कदाचित बदलावे लागेल.

४

स्थानिक इतिहाससंस्थेचे आणखी एक कार्य आहे, आणि तेही अंतिमतः वाचनाशीच निगडित आहे. ते म्हणजे लोकस्मृती आणि लेखी पुरावा यांच्यातील अंतर प्रामाणिकपणे राखणे. नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी अष्टकोनी वास्तू दिसते, तिला सारा जिल्हा ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो. वास्तविक ती मूर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला आणि १६०० साली तिचा अंत झाला. तिचा या वास्तूशी संबंध नाही. येथे दोन प्रकारचे अविचार संभवतात. एक, लोकांचे नाव खरे मानून तसे फलक लावणे. दुसरा, ते नाव अज्ञान म्हणून पुसून टाकणे. चांगली इतिहाससंस्था दोन्ही टाळते. वास्तू सलाबतखानाची आहे हे ती सांगते, आणि मंत्र्याच्या कबरीवर लोकांनी एका लढवय्या राणीचे नाव का कोरले हेही विचारते. हा दुसरा प्रश्न लोकवाङ्मयाच्या अभ्यासकाचा आहे. त्याने तो विचारला नाही तर संस्थेचे निम्मे काम अपुरे राहते.

शहराच्या नावाच्या बाबतीतही हीच शिस्त उपयोगी पडेल. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीचा. शहराला त्यांचे नाव मिळाले. नामांतराच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. अभ्यासकापुढील प्रश्न साधा आणि व्यावहारिक आहे. जुन्या कागदांत या शहराचा उल्लेख अहमदनगर, अमदानगर, नगर अशा रूपांनी येतो, आणि बोलण्यात तर ‘नगर’ हेच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पन्नास वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या नावाने शोध घेतला तरी जुना कागद त्याच्या हाती लागला पाहिजे, आणि जुन्या नावाने घेतला तरीही. त्यासाठी सूचीत सर्व रूपे नोंदवणे आणि मूळ कागदातील रूप जसेच्या तसे ठेवणे, एवढीच दक्षता हवी. कागदावर जे लिहिले आहे ते आपल्या सोयीसाठी बदलायचे नाही, हा संपादनशास्त्राचा पहिला धडा आपणच वर्गात शिकवतो.

येथे आणखी एका हस्तलिखिताचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. हुसेन निजामशहाची स्तुती करणारे आफताबीकृत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र फारसी काव्य नगरच्या दरबारातले. १५६५ च्या तालिकोट युद्धाचे वर्णन त्यात आहे. शहाची राणी खुंजा हुमायून हिची आकृती त्यातील काही चित्रांत पुढे पुसून टाकलेली दिसते. हे हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी ते संपादून प्रसिद्ध केल्यामुळे जगभरच्या कलेतिहासकारांना ते उपलब्ध झाले. ते नगरला नाही याचा खेद करणारे नगरकर मला भेटतात. माझे म्हणणे वेगळे आहे. ते वाचले गेले, ही गोष्ट ते कोठे आहे यापेक्षा महत्त्वाची. नगरला जे आहे त्यातील किती वाचले गेले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

५

आता मोडीविषयी. मी स्वतः मराठीत पीएच. डी. मिळवली तेव्हा मला मोडीचे एक अक्षरही लागत नव्हते. माझा विषय मध्ययुगीन वाङ्मयाचा असूनही ही उणीव माझ्या मार्गदर्शकांना, परीक्षकांना किंवा मला स्वतःला कधी खटकली नाही. पुढे एका अल्पकालीन वर्गात लिपी शिकलो आणि पहिला पूर्ण कागद लावून वाचला तो एका लग्नाच्या खर्चाची यादी होती. तिच्यातील साखर, नारळ, पासोड्या आणि आश्रितांना दिलेल्या बिदागीच्या रकमा वाचताना जाणवले की, ज्या समाजाच्या वाङ्मयावर मी चारशे पानांचा प्रबंध लिहिला, त्याचे रोजचे अक्षर मी प्रथमच पाहत आहे. ही कबुली देण्यास संकोच वाटतो. पण माझ्या पिढीतील बहुसंख्य मराठी प्राध्यापकांची स्थिती याहून निराळी नाही.

मोडी शिकणे म्हणजे केवळ मुळाक्षरे पाठ करणे नव्हे. बोरूने कागदावर आधी आडवी ओळ आखून तिला अक्षरे टांगली जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राखला जात नसे, शब्द तोडून लिहीत नसत, संक्षेप तर पावलोपावली असत. म्हणजे शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ते ठरवण्यासाठी जुन्या मराठीची शब्दसंपत्ती, फारसी-अरबी शब्दांची मराठी रूपे, वाक्यरचनेची लकब आणि पत्रांचे ठरलेले मायने ठाऊक असावे लागतात. हे ज्ञान कोणाजवळ असायला हवे? मला तरी याचे एकच उत्तर दिसते: मराठीच्या विद्यार्थ्याजवळ. लिपी जाणणारा पण भाषा न जाणणारा वाचक कागद लावतो. भाषा जाणणारा तो वाचतो.

हा केवळ विद्वानांच्या हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांत मोडी दप्तरे बाहेर आली आणि ती वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंविषयी कोणाचे मत काहीही असो. एका शब्दाच्या वाचनावर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहू शकते, एवढे त्यातून सर्वांना कळले. इतक्या मोठ्या जबाबदारीचे वाचन करणारी माणसे तयार करण्याचे काम दहा-पंधरा दिवसांच्या वर्गांवर आणि मूठभर हौशी व्यक्तींच्या वैयक्तिक निष्ठेवर आपण सोपवले आहे. त्या व्यक्तींचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु व्यक्ती जातात. परंपरा राहावी म्हणून तर विद्यापीठे असतात.

६

या प्रतिपादनावर जे आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणे न्याय्य होईल. पहिला आक्षेप असा की, पाठ्यक्रम आधीच भरगच्च आहे आणि विद्यार्थ्याला नोकरी हवी आहे, लिपी नव्हे. यातील दुसरा भाग मी गंभीरपणे घेतो. माझ्या वर्गातील मुले-मुली पाथर्डी, शेवगाव, कर्जतकडून एस. टी.ने येतात, त्यांच्या घरी शिक्षणाचा खर्च म्हणजे काय असतो ते मी जाणतो. पण याच कारणासाठी ज्या कौशल्याला मागणी आहे आणि जे जाणणारे थोडे आहेत, ते त्यांना देणे हिताचे नाही काय? आज नेट-सेटच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांवर आयुष्याची उमेदीची वर्षे घालवणाऱ्या मुलामुलींपैकी वर्षाला पाच जण जरी उत्तम मोडीवाचक झाले, तर ते जिल्ह्याच्या उपयोगी पडतील आणि स्वतःच्याही.

दुसरा आक्षेप संगणकाचा. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. मग माणसाने शिकावे कशाला, असे विचारले जाते. या प्रयत्नांचे मी स्वागत करतो. मात्र यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसाने बिनचूक वाचलेले कागद लागतात, आणि यंत्राने वाचलेले बरोबर की चूक हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते. तसेच कागदाचे छायाचित्र संगणकात साठवणे आणि कागद वाचणे यांत गल्लत होऊ नये. न वाचलेला रुमाल संगणकात ठेवला तरी तो न वाचलेलाच राहतो.

तिसरा आक्षेप इतिहाससंस्थांविषयी आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. काही संस्थांत अभ्यासकाकडे संशयाने पाहिले जाते. कागद मागितला की शिफारस मागतात. सूची असते ती एका वृद्ध चिटणीसाच्या स्मरणात. मलाही एकदा एका संस्थेच्या दारातून तीन वेळा परतावे लागले. परंतु या संस्थांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांच्याकडून कागद नेऊन परत न करणारे, त्यांच्या संग्रहावर लेख लिहून संस्थेचा साधा उल्लेखही न करणारे विद्वान आपल्यातलेच होते. तुटपुंजे अनुदान, अपुरे मनुष्यबळ, वाळवी आणि दमट भिंती यांच्याशी झगडत ज्यांनी साठ-पासष्ट वर्षे संग्रह टिकवला, त्यांनी दार थोडे जपून उघडले तर त्यांना दोष देण्यापूर्वी आपण विश्वास कमवायला हवा.

७

तो विश्वास कामातूनच येईल. म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. मराठीच्या एम. ए. पाठ्यक्रमात ‘मोडी लिपी आणि दप्तरी मराठी’ ही एक अभ्यासपत्रिका असावी आणि तिची निम्मी परीक्षा प्रत्यक्ष कागद वाचून व्हावी. पदव्युत्तर लघुप्रबंधासाठी एखाद्या कादंबरीतील स्त्रीचित्रण हा विषय दहाव्यांदा देण्याऐवजी एखाद्या संग्रहातील पन्नास कागदांची वर्णनात्मक सूची हा विषय मान्य व्हावा. सूची करणे हे कारकुनी काम आहे, ही आपली समजूत सोडली पाहिजे. कागदाचा काळ, लेखक, प्रयोजन आणि भाषा ठरवणे यात जेवढी चिकित्सा लागते, तेवढी अनेक समीक्षात्मक प्रबंधांतही लागत नाही. विद्यार्थ्याने केलेल्या लिप्यंतराची एक प्रत संबंधित संस्थेला द्यावी आणि संस्थेचे श्रेय ठळकपणे नोंदवावे. लिप्यंतर करताना मूळ लेखन कायम ठेवणे, शंकास्थळ चौकटीत दाखवणे, संक्षेप सोडवल्याचे नमूद करणे यांविषयी एकच संकेतावली सर्व महाविद्यालयांनी पाळावी. गावोगावच्या जुन्या घरांत माळ्यावर पडलेली दप्तरे ताब्यात घेण्याचा आग्रह न धरता, घरमालकाच्या समोर त्यांची छायाचित्रे घेऊन मूळ कागद त्याच्याकडेच ठेवावेत. आणि ही आमची संशोधनपत्रिका दर अंकात किमान एक न छापलेला मराठी कागद टिपांसह प्रसिद्ध करील, असा नियम आपण स्वतःपासून सुरू करावा.

यांपैकी कोणतीही सूचना खर्चाची नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण साजरा केला. भाषेचे अभिजातपण तिच्या प्राचीनतेच्या दाखल्यांनी सिद्ध होत असेल. ते टिकते मात्र तिचे जुने अक्षर वाचणाऱ्यांमुळे. नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात बंदिवासात असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली, याचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. त्याच किल्ल्याभोवतीच्या पेठांत आणि परगण्यांत नाव नसलेल्या शेकडो हातांनी जे लिहून ठेवले, त्याचेही वाचक होणे हे आपले काम आहे. येत्या शैक्षणिक वर्षात माझ्या विभागातील चार विद्यार्थ्यांना घेऊन मी आठवड्यातून एक दुपार संग्रहालयात कागद वाचण्यासाठी घालवणार आहे. इतर महाविद्यालयांतील सहकाऱ्यांनी आपापल्या गावी असेच काही करावे आणि त्याचे अनुभव, विशेषतः चुका, याच पत्रिकेकडे लिहून पाठवाव्यात, अशी विनंती आहे.